वहीतला साबण हातापर्यंत कसा येतो?

दुपारची सुट्टी झाली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात खिचडीचं पातेलं आलंय, मावशी डाव घेऊन उभ्या आहेत आणि पाचवीतली पोरं ताटल्या वाजवत रांगेकडे पळतायत. वाटेत नळ लागतो. हात नळाखाली जातो, भिजतो, चड्डीला पुसला जातो. दोन सेकंदांत सगळं आटोपतं. साबणाची वडी शेजारीच, कोरडी ठणठणीत.

आता याच पोरांच्या चाचणीच्या वह्या उघडा. ‘जेवणापूर्वी हात का धुवावेत?’ या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण. जंतू, जुलाब, जंत, सगळं नीट लिहिलेलं, काहींनी तर चित्रही काढलंय. म्हणजे माहिती आहे. विचारलं तर पटलेलीही आहे. मग हात का ऐकत नाही?

हे कोडं कुठल्याही शाळेतलं, पण अहिल्यानगर जिल्ह्यात बसून सोडवायला बरं. (सरकारदरबारी नाव २०२४ मध्ये बदललं, एसटीच्या रांगेत अजून ‘नगर’च ऐकू येतं.) क्षेत्रफळानं हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्यात कळसूबाईच्या पायथ्याला पाऊस थांबत नाही आणि जामखेड-पाथर्डीकडे तो सुरू होत नाही. इथल्या पोराला ऊस भेटतो, साप भेटतो, शेततळं भेटतं, आणि अधूनमधून बिबट्याही. आरोग्याचा तास इथं निव्वळ गुणपत्रिकेपुरता राहून चालत नाही. शिवाय या कोड्याचं एक उत्तर याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी सापडलेलं आहे. ते पुढे येईलच.

हळदीनं पकडलेली चोरी

आधी साबण करतो काय ते पाहू. ‘साबण जंतू मारतो’ असं आपण सर्रास म्हणतो. काही जंतू तो फोडतोही, पण पोट बिघडवणाऱ्या बहुतेक जंतूंच्या बाबतीत त्याचं मुख्य काम मारण्याचं नसून उचलून नेण्याचं असतं. आपल्या कातडीवर तेलाचा पातळ थर असतो आणि जंतू त्या थराला चिकटून बसतात. तेलकट कढई नुसत्या पाण्याखाली धरली की काय होतं, हे कुठल्याही घरात माहीत आहे: पाणी वरून घरंगळतं, तेल तिथंच. साबणाच्या प्रत्येक कणाला दोन टोकं असतात. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. दोन न पटणाऱ्या घरांत सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा तो एका हातानं तेल धरतो, दुसऱ्यानं पाणी, आणि वाहत्या पाण्याबरोबर तेल आणि त्यावरची मंडळी निघून जातात. हात चोळल्याशिवाय मात्र हा मध्यस्थ तेलापर्यंत पोचत नाही. म्हणून वीस सेकंद. (आपल्या आज्या राखेनं हात धुवायच्या त्यामागेही हेच आहे. राखेतला क्षार तेलाशी मिळून हातावरच थोडासा साबण तयार करतो.)

हे फळ्यावर सांगितलं तर पुन्हा वहीत जाईल. त्यापेक्षा चमचाभर गोडेतेलात अर्धा चमचा हळद कालवा आणि चार पोरांच्या हाताला चोळा. दोघांना नुसत्या पाण्यानं हात धुवायला सांगा. हात पिवळेच राहतात. दुसऱ्या दोघांना साबण द्या. फेस लालसर होऊ लागतो आणि वर्गात एकच गलका उठतो. जादू काही नाही. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, पूर्वी घरोघरी कुंकू याच रीतीनं करत. साबणात क्षार असतो, म्हणून जिथं साबण पोचला तिथं लाल, आणि जिथं पोचलाच नाही तिथं पिवळं. आता हात नीट उघडून दाखवायला सांगा. अंगठ्याचं मूळ, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा पिवळ्या सापडतात. ज्यानं वहीत चित्र काढलं होतं त्याच्याही.

रंगवलेली पावलं

हळदीचा तास मुलं विसरत नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी साबण पुन्हा कोरडा दिसू शकतो, आणि इथंच पुष्कळ गुरुजी हात टेकतात.

विचारल्यावर उत्तर देणारी आठवण वेगळी आणि न विचारता हात हलवणारी आठवण वेगळी. सायकलवर दहा ओळी लिहिणाऱ्याला सायकल येतेच असं नाही, आणि ज्याला येते त्याला तोल कसा सांभाळतो हे सांगता येत नाही. दुसऱ्या प्रकारची आठवण म्हणजे सवय. मेंदूत खोलवर तिची वेगळी व्यवस्था असते आणि तिला कारणांशी देणंघेणं नसतं, तिला खूण लागते. बाजारातून परतताना गाडीवान झोपला तरी बैल वळणावरचं चिंचेचं झाड दिसताच घराकडे वळतात, तसं. ठरावीक खूण, त्यानंतर ठरावीक कृती, असं पुन्हा पुन्हा झालं की हात आपोआप वळू लागतो. लंडनमध्ये केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एका ‘हात धुवा दिना’च्या प्रभातफेरीनं काही होत नाही ते यामुळे.

बांगलादेशातल्या प्राथमिक शाळांमधला एक प्रयोग यापुढे जातो. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हात धुण्याची जागा बांधली, संडासापासून तिथपर्यंत पक्की वाट केली, वाटेवर पावलं रंगवली आणि हात धुण्याच्या जागी हातांचे ठसे काढले. भाषण नाही, तक्ता नाही, बक्षीस नाही. आधी संडासाहून येणाऱ्या मुलांपैकी ४ टक्के साबणानं हात धूत होती. पावलं रंगवून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ६८ टक्के, आणि सहा आठवड्यांनी ७४ टक्के. मुलांना नवीन काहीच ‘शिकवलं’ नव्हतं. सोय केली होती आणि वळणावर चिंचेचं झाड लावलं होतं.

बालभारतीनं खालच्या वर्गांच्या पुस्तकाला ‘खेळू, करू, शिकू’ असं नाव दिलंय. क्रम बरोबर आहे, शिकणं शेवटी. वेळापत्रकात मात्र तो बहुधा उलटा होतो.

जामखेडच्या बाया

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं जामखेडला काम सुरू केलं. दुष्काळी मुलूख, रस्ते नाहीत, आणि हजार बाळांमागे पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावायची. आधी गावोगाव शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावानंच निवडलेल्या बायका घ्यायच्या ठरल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. वही नाहीच, त्यामुळे वहीत लिहून विसरण्याची सोयही नाही. दर आठवड्याला जामखेडला यायचं, बघायचं, करून पाहायचं, एकमेकींना सांगून दाखवायचं, परत गावात जाऊन करायचं, आणि पुढच्या आठवड्यात काय फसलं ते सांगायचं. १९९० च्या दशकापर्यंत बालमृत्यूचा तो आकडा विशीच्या घरात आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यांतल्याच मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून, झुंबर सुंदर पण महाग असतं, असं त्या म्हणाल्या, आणि जवळची पणती काढून तिनं दुसरी पेटवून दाखवली. झुंबराला हे जमत नाही, असा त्याचा अर्थ. टाळ्या पडल्या असतीलच. मला त्यात भाषणापेक्षा शिकवण्याची रीत जास्त दिसते: म्हणणं नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं.

हीच रीत शाळेत आणायची तर पणती म्हणजे मोठी बहीण. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात आई-बाप पहाटे फडात असतात आणि कोपीवर धाकट्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची ताई असते. बाळाला जुलाब सुरू झाले तर पहिला निर्णय तिचाच. १९७८ मध्ये डॉ. डेव्हिड मॉर्ले यांच्या पुढाकारानं लंडनला ‘चाइल्ड टू चाइल्ड’ नावाचं काम सुरू झालं, त्याचा पाया हाच होता. शाळेतलं पोर हे विद्यार्थी आहेच, पण घरी ते अर्धं पालकही आहे.

मीठ-साखरेचं जोडपं

आता त्या ताईपुढचा प्रश्न. बाळाच्या पोटातून पाणी चाललंय, मग वरून आणखी पाणी कशाला ओतायचं? अडाणीपणा म्हणून हा प्रश्न झटकू नये. तो अगदी तर्कशुद्ध आहे, आणि त्यापायीच कित्येक घरांत जुलाबात पाणी बंद होत आलं.

मेक्सिकोतल्या आहोया या डोंगरी गावात आरोग्य कार्यकर्त्यांनी मुलांसाठी याचं उत्तर भोपळ्यात शोधलं. आपल्याकडे वाळका दुध्या किंवा प्लास्टिकची बाटली चालेल. त्यावर बाळाचा चेहरा काढायचा, डोळ्यांशी बारीक भोकं पाडायची, बुडाशी एक भोक पाडून बूच लावायचं. डोक्यावर टाळूएवढं छिद्र ठेवून त्यावर ओलं फडकं पसरायचं आणि पाणी काठोकाठ भरायचं. बूच काढलं की ‘जुलाब’ सुरू. आधी डोळ्यांतलं पाणी थांबतं, मग टाळूवरचं फडकं आत ओढलं जातं. ‘टाळू खोल गेली’ म्हणून बाळाची टाळू वर ओढायचे उपाय करणाऱ्या आज्या आपल्याकडेही आहेत. टाळू खोल जाते ती पाणी आटल्यामुळे, हे मूल पाच मिनिटांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहतं. पाणी ओतलं की फडकं वर येतं. गळती चालू असली तरी वरून भरत राहिलं तर बाळ ‘सुकत’ नाही.

पण नुसतं पाणी का पुरत नाही? आपल्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पाणी येतं. दोनेक लिटर खाण्यापिण्यातून, बाकी लाळ आणि पाचकरसांतून. त्यातलं जवळपास सगळं आतडं परत शोषून घेतं. पाणी स्वतःहून आत शिरत नाही, ते मिठाच्या मागोमाग जातं. जुलाबात मिठाचे नेहमीचे दरवाजे बिघडतात, उलट मीठ आणि पाणी बाहेर फेकलं जाऊ लागतं. मात्र एक दरवाजा शाबूत राहतो, आणि तो मोठा अजब आहे. एकटं मीठ आलं तर उघडत नाही, एकटी साखर आली तरी नाही. सत्यनारायणाच्या पूजेला जसं जोडीनं बसावं लागतं, तसं मीठ आणि साखर जोडीनं आले तरच तो उघडतो. आणि हे जोडपं आत गेलं की पाण्याचं वऱ्हाड मागून आत जातं. मीठ-साखरेची ही जोडी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० मध्ये मांडली.

त्याची खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेश युद्धातले निर्वासित बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं मरत होते आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा कालवून नातेवाइकांच्या हातीच पेले दिले. सुमारे ३० टक्क्यांवरचं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. पेले भरणारे हात डॉक्टरांचे नव्हते, आया-बहिणींचे होते.

साखर जास्त घातली तर जास्त गुण येईल का? नाही, उलटं होईल. काकडीच्या कोशिंबिरीत साखर-मीठ आधीच घातलं की तळाशी पाणी सुटतं. दाट गोड पाणी आतड्यातही तेच करतं, शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं. म्हणून जुलाबात कोल्ड्रिंक आणि पुड्याचा गोड ज्यूस नको. मिठाचा अतिरेक तर बाळाला धोक्याचाच. सगळा खेळ मापाचा आहे, आणि माप हाताला कळायला ते दहादा करावं लागतं.

┌──────────────────────────
चौकट: वर्गात करून पाहायची जलसंजीवनी

ओआरएसची पुडी मिळाली तर तीच घ्यावी, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अर्ध्या पेल्यात, असं अंदाजपंचे नको.

पुडी नसेल तर: उकळून गार केलेलं किंवा शुद्ध केलेलं पाणी १ लिटर, साखर सपाट ६ चहाचे चमचे, मीठ सपाट अर्धा चमचा. चव घ्यावी, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यावं आणि नव्यानं करावं.

चमच्या-चमच्यानं पाजत राहावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. आईचं दूध चालूच. २४ तासांनी उरलेलं टाकावं.

मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, शौचातून रक्त आलं, तर घरी थांबू नये. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा दवाखान्यात मिळतात, त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायच्या असतात.
└──────────────────────────

चक्का पिळू नका

सापाच्या बाबतीत मुलांना ‘घाबरू नका’ असं सांगण्यात अर्थ नाही. घाबरणारच. घाबरल्यावर पाय काय करतात, एवढंच आपल्या हाती आहे, आणि पाय धावतात.

धावू का नये? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. दंशाचं विष बहुतेक वेळा थेट रक्तवाहिनीत जात नाही, ते कातडीखाली किंवा मांसात साठतं. तिथून त्याचा बराचसा भाग रसवाहिन्यांच्या वाटेनं पुढे सरकतो. रक्ताला ढकलायला हृदय आहे, या रसाला तसा पंप नाही. आजूबाजूचे स्नायू आवळले की तो पुढे जातो. श्रीखंडासाठी फडक्यात टांगलेला चक्का थेंब-थेंब गळतो, पण पिळला तर धार लागते. धावणं म्हणजे पोटरीचा चक्का पिळणं.

म्हणून खाली बसवायचं, दंशाचा हात किंवा पाय लाकडी पट्टीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही, अंगठी-पैंजण काढायचे आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठायचा. मोटारसायकल असेल तर चालवणारा आणि मागे धरून बसणारा यांच्या मध्ये बसवून. करकचून दोरी बांधू नये. घोणस-फुरशाचं विष जागच्या जागी मांस कुजवतं, दोरी ते तिथंच कोंडते. कापणं-चोखणं तर नाहीच. साप पकडून न्यायचीही गरज नाही, आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं.

मण्यार वेगळी सांगावी लागते. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि कित्येकदा खूणही दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात. कोपीवरच्या पोरांना सांगण्यासारखी गोष्ट एकच: मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डासासाठी घेतलेली जाळी मण्यारीलाही अडवते.

बिबट्याबद्दलही दोन शब्द. अकोल्याच्या परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे आढळले, तेही जंगल नसलेल्या, ऊस आणि वस्तीच्या भागात. म्हणजे तो वाट चुकून आलेला नसतो, तिथलाच असतो. तो भक्ष्य जोखतो ते उंचीवरून. वाकलेलं किंवा बसलेलं मूल त्याला कुत्र्याएवढं दिसतं. अंधारात एकट्यानं बाहेर बसायला जाऊ नये, टोळक्यानं मोठ्यानं बोलत चालावं, ही सूचना त्या उंचीच्या हिशोबातून येते.

लंगडीतलं हाड

शारीरिक शिक्षणाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. या दरोड्याची कुठं नोंद होत नाही.

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे. त्यात जिवंत पेशी असतात, आणि कुठं दाब पडतो ते त्यांना कळतं. शेतकरी जसा पावसाळ्यात बांध फिरून पाहतो आणि जिथं पाण्याचा मारा जास्त तिथं चार पाट्या माती वाढवतो, तशा त्या पेशी जिथं हादरा बसतो तिथं हाड वाढवायला सांगतात. लंगडीत सगळं वजन एका पायावर आदळतं. खो-खोत बसायचं, उठायचं, झटक्यात दिशा बदलायची. हाडाला हव्या असलेल्या माऱ्याचे यापेक्षा स्वस्त खेळ शोधून सापडायचे नाहीत. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज ६० मिनिटं घाम येईल असं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आठवड्यातून तीनदा तरी त्यात हाडा-स्नायूंचे खेळ असावेत असंही.

वयाचा मुद्दा मात्र फारसा कुणी सांगत नाही. झपाट्यानं उंची वाढते त्या सुमाराच्या दोन वर्षांत प्रौढ वयातल्या हाडाच्या खनिजाचा पाव हिस्सा भरला जातो. मुलींमध्ये हा काळ बारा-तेराच्या आसपासचा. कणगी भरायची सुगी हीच, आणि नेमकं तेव्हाच ‘मोठी झालीस आता’ म्हणून पोरीला मैदानातून काढून घेतलं जातं. साठीनंतर न्हाणीत पाय घसरून खुबा मोडतो तेव्हा आठवीतला तास कुणाला आठवणार?

चुन्याचं शेततळं

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली आणि माळरानावर निळे-काळे चौकोन चमकू लागले. पाणी वरून शांत दिसतं. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, आणि उतार. पाय सरकला की हाताला धरायला काही नाही. पोहता येणाराही काठाशी येऊन पुन्हा पुन्हा घसरतो. मग वाचवायला दुसरा उतरतो, आणि एकाचे दोन होतात.

बुडणाऱ्याला वाचवायला ताकद लागते असं वाटतं. पाण्यात शरीर जवळजवळ तरंगतंच, तोंड वर राहायला चार-पाच किलोंचा आधार पुरतो. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन साधारण पाच किलोंचा आधार देतो. गोडेतेलाचा पंधरा लिटरचा कॅन मोठ्या माणसालाही धरून ठेवतो. त्याला दोर बांधून तळ्याच्या चारी कोपऱ्यांना टांगलेला असला, आणि ‘उतरायचं नाही, फेकायचं’ एवढं पायांना माहीत असलं, तर दहा वर्षांचं पोरही हे काम करतं.

मैदानावर चुन्यानं चौकोन आखा. मधोमध एकाला बसवा, बाकीच्यांनी रेषेबाहेरून कॅन फेकायचा. तोंडावर नेम धरायचा नाही, डोक्यापलीकडे टाकायचा आणि ओढून हाताशी आणायचा. पहिल्या फेरीत हमखास एक गंमत होते. पोर सगळी ताकद लावून कॅन भिरकावतं, आणि दोराचं दुसरं टोक हातात धरून ठेवायचं विसरतं. कॅन, दोर, सगळंच चुन्याच्या तळ्यात. मधला ‘बुडणारा’ पोट धरून हसतो, आणि फेकणारा दोराकडे धावत सुटतो, रेषा ओलांडून.

‘बुडाला! बुडाला!’ असं बाकीची पोरं ओरडतात. मग दुसरी फेरी.